रेशीम अळी : प्रतिकारशक्ती व प्रोबायोटिक जिवाणू (जालना जिल्हा)

पुरेशा संख्येने पोटात गेल्यास यजमानाला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केली. घरोघरी हा शब्द दही-ताकाबरोबर येतो. जालना जिल्ह्यात तो तुतीच्या पाल्यावर वाढणाऱ्या रेशीम अळीच्या संदर्भातही महत्त्वाचा आहे. राज्यातली पहिली रेशीम कोष बाजारपेठ २०१८ मध्ये जालना बाजार समितीच्या आवारात सुरू झाली. त्याआधी इथले शेतकरी कोष घेऊन कर्नाटकातल्या रामनगरला जात. कोषाचा भाव लिलावात दर्जावर ठरतो आणि कोष पोचट का निघाला याचे उत्तर बहुधा अळीच्या आतड्यात असते.

अळीला प्रतिपिंडे नसतात. एकदा आजार झाला म्हणून पुढच्या वेळी तो ओळखून रोखणारी, माणसासारखी स्मृती तिच्या रक्तात नाही. तिची भिस्त जन्मजात संरक्षणावर असते : रक्तद्रवातल्या पेशी जंतूंना गिळतात, जखमेभोवती काळे मेलॅनिन साचते, सेक्रोपिन व मोरिसिन यांसारखी जंतुनाशक पेप्टाइडे तयार होतात. आतड्याचा रस तीव्र अल्कधर्मी असतो, सामू नऊ-दहाच्या आसपास, आणि पुष्कळ जंतू तिथेच संपतात. सुमारे पंचवीस दिवसांत अळीचे वजन दहा हजार पटींच्या घरात जाते. आयुष्यभराच्या पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला ती पाचव्या अवस्थेत खाते. ही सारी धडपड चालू असताना शेडमधले तापमान चढले, ओला किंवा ढीग करून तापलेला पाला पडला, रॅकवर दाटी झाली, तर ही तटबंदी ढासळते. प्रौढ अळीला २४-२५ अंश सेल्सिअस मानवते. मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे उन्हाळी बॅच इथे सर्वांत नाजूक ठरते.

अशा वेळी आतड्यात जिवाणू माजून फ्लॅचरी होते. अळी खाणे सोडते, लिबलिबीत पडते, विष्ठा पातळ होते, मेल्यावर काळी पडून दुर्गंधी सुटते. ग्रासरी हा विषाणूजन्य रोग. त्यात अळी फुगते, कातडी चकाकते, ती रॅकच्या कडेकडेने भटकते आणि फुटली की दुधाळ द्रव सांडतो. त्या थेंबाने बाजूचा पाला बाधतो.

प्रोबायोटिकचा उपयोग इथे कसा होऊ शकतो? निवडलेला जिवाणू पाण्यात मिसळून पाल्यावर फवारतात, पाला सावलीत सुकवतात आणि मग अळ्यांना देतात. आतड्यात आधी जागा धरलेला जिवाणू रोगजंतूला जागा व अन्न मिळू देत नाही. काही जिवाणू रोगजंतूंना मारक द्रव्ये सोडतात, तर काहींच्या पेशीभित्तिकेतील घटकांमुळे अळीचे स्वतःचे संरक्षण जागे होते. टोकियो विद्यापीठातील काझुहिसा सेकिमिझू यांच्या गटाने लॅक्टोबॅसिलस पॅराप्लँटॅरमचा एक वाण अळ्यांना खाऊ घातला आणि नंतर स्यूडोमोनास जिवाणूचा संसर्ग दिला, तेव्हा त्या अळ्या अधिक टिकल्या. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. गुण मात्र वाणाचा असतो. एकाच जातीचा एक वाण उपयोगी पडतो, दुसरा निष्क्रिय राहतो. एंटेरोकॉकस जिवाणू निरोगी अळीच्या आतड्यातही सापडतात. त्याच कुळातले काही अळी अशक्त झाली की उलटतात.

बॅसिलस या प्रजातीचे उदाहरण तर जालन्याने विशेष लक्षात ठेवावे असे. या प्रजातीतले काही जिवाणू प्रोबायोटिक म्हणून वापरले जातात. त्याच प्रजातीतला बॅसिलस थुरिंजिएन्सिस १९०१ मध्ये जपानच्या इशिवाता शिगेताने यांना रेशीम अळ्यांच्या साथीतच सापडला. त्याचे स्फटिक-प्रथिन अल्कधर्मी आतड्यात विरघळते आणि आतड्याच्या पेशींना भोके पाडते. त्याच प्रथिनाचे जनुक घातलेले बीटी कापूस वाण २००२ मध्ये भारतात मान्य झाले. ते आणणाऱ्या महिको या कंपनीची स्थापना १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यातच केली होती. म्हणून ‘जैविक आहे, अपाय नाही’ हे वाक्य तुतीच्या बागेत चालत नाही. शेजारच्या पिकावर फवारलेली बीटी पावडर वाऱ्याने तुतीवर आली तर अख्खी बॅच जाते. जिवाणूचे नाव व वाण न छापलेली पुडी शेडमध्ये आणू नये.

पेब्रिनपुढे तर प्रोबायोटिकवर विसंबणे धोक्याचेच. हा रोग अंड्यातूनच पुढच्या पिढीत उतरतो. लुई पाश्चर यांनी १८६५ पासून फ्रान्समधल्या आलेस भागात काम करून माता-पतंग चुरडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची रीत घालून दिली. रोगमुक्त अंडीपुंजांची हमी आजही त्याच तपासणीवर उभी आहे. संगोपनगृहाचे ब्लीचिंग पावडरने निर्जंतुकीकरण, कात टाकताना चुन्याची धुरळणी, रोगट अळ्या वेळीच वेचून नष्ट करणे यांना प्रोबायोटिक पर्याय नाही. शिवाय ब्लीचिंग किंवा चुना लागलेल्या पाल्यावर फवारलेले जिवाणू जिवंत राहत नाहीत, त्यामुळे दोन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात.

प्रतिपिंडांविना लढणारी ही अळी जन्मजात प्रतिकारशक्ती पारखण्यासाठी संशोधकांना सोयीची वाटते, आणि माणसांसाठीचे लॅक्टिक आम्ल जिवाणूही तिच्यावर चाचपून पाहिले जातात. अळीत दिसलेला लाभ माणसात गृहीत धरता येत नाही. कर्करोगाच्या उपचारांनी किंवा अवयव-प्रत्यारोपणानंतरच्या औषधांनी ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे, त्यांच्यात प्रोबायोटिक म्हणून घेतलेले जिवाणू क्वचित रक्तात शिरून संसर्ग करतात. अशा रुग्णाने प्रोबायोटिक कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.