कोरडे तेलपात्र व ओले तेलपात्र : एम ८८ एंजिनाचे स्थित्यंतर

‘कोरडे तेलपात्र’ ह्या संज्ञेवरून एंजिनात तेलच नसते असा ग्रह होण्याचा संभव आहे. वस्तुतः तेथे तळाशी उतरलेले तेल पंपाने ओढून स्वतंत्र टाकीत साठवितात. ‘ओल्या’ रचनेत ते तळाशीच राहते. जर्मनीतील बी.एम.डब्ल्यू.च्या एम १ (१९७८) ह्या मोटारीचे सहा सिलिंडरांचे एम ८८ एंजिन पहिल्या प्रकारचे होते. शर्यतीच्या वळणावर तेल एका बाजूस लोटले गेले तरी बेअरिंगांना त्याचा पुरवठा खंडित होऊ नये, हे त्यामागील प्रयोजन होय. १९८३ साली एम ६३५ सीएसआय ह्या रस्त्यावरील मोटारीसाठी तेच एंजिन ओल्या तेलपात्राचे करण्यात आले. टाकी व नळ्या गेल्या. अश्वशक्ति मात्र २७७ वरून २८६ झाली. ही वाढ अंकीय इंधननियंत्रण व वाढीव संपीडन ह्यांची होती, तेलपात्राची नव्हे. तरीही ह्या स्थित्यंतरास अवनति म्हणणे युक्त ठरत नाही. बदलले होते ते एंजिनाचे कार्यक्षेत्र.