बधिरता, पायाच्या बोटांतील

पायाच्या बोटांतील स्पर्श, वेदना वा तापमान यांची जाणीव कमी होणे किंवा नष्ट होणे. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे.

कारणे : पायाकडे जाणारे तंत्रिकातंतू शरीरात सर्वांत लांब असल्याने चयापचयातील बिघाड प्रथम बोटांत जाणवतो आणि बधिरता मोजा चढवावा तशी वर सरकते. मधुमेह हे प्रमुख कारण (पहा : मधुमेह). बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, दीर्घ मद्यपान व क्षयावरील आयसोनियाझिड हीही कारणे होत. एकाच पायातील बधिरता बहुधा कमरेच्या मणक्यातील चकती सरकल्याने येते. कुष्ठरोगात बधिर, फिकट चट्टे व जाड झालेल्या तंत्रिका आढळतात (पहा : कुष्ठरोग). बुंदेलखंडात पूर्वी लाखीच्या डाळीच्या अतिसेवनाने पाय अधू होत. तो विकार मात्र मज्जारज्जूचा, त्यात स्नायू ताठरतात व बधिरता गौण असते (पहा : लाख).

निदान : १० ग्रॅम दाबाचा नायलॉन तंतू, १२८ हर्ट्झचा स्वरित्र, रक्तशर्करा, बी-१२ पातळी, गरजेनुसार तंत्रिका-संवहन चाचणी.

उपचार : मूळ कारणानुसार. शर्करानियंत्रणाने मधुमेही बधिरतेची वाढ मंदावते, गेलेली जाणीव क्वचितच परतते. कुष्ठरोगावरील बहुऔषधी उपचार सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. बधिर पायाला जखम कळत नाही. म्हणून रोज तळवे तपासणे, अनवाणी न चालणे व मऊ रबरी तळाची पादत्राणे वापरणे आवश्यक. बधिरता अचानक येऊन अशक्तपणा आल्यास वा लघवी अडल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.