भरावातील ओल : मातीचा उसना आधार

रस्त्याचे काम सुरू असताना मुरमाच्या थरावर आधी टँकरने पाणी मारले जाते आणि मग त्यावर रोलर फिरतो, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. हे पाणी केवळ धूळ बसविण्यासाठी नसते. मातीचे कण घट्ट बसण्यास ते मदत करते. मात्र तेच पाणी पुढे प्रमाणाबाहेर भरावात शिरले, तर भराव खचतो. एकाच पाण्याच्या या दोन परस्परविरोधी परिणामांचे मूळ असंपृक्त कणमय मातीच्या वर्तनात आहे.

मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने पूर्ण भरलेल्या असल्यास माती संपृक्त, तर पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही असल्यास ती असंपृक्त म्हटली जाते. रस्ते व लोहमार्गांचे भराव भूजल पातळीच्या वर असल्याने ते बहुधा असंपृक्तच असतात. अशा मातीत कण जेथे एकमेकांना टेकतात, तेथे पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकून राहतात. पृष्ठताणामुळे त्या पाण्याचा दाब हवेच्या दाबापेक्षा कमी होतो आणि कण परस्परांकडे ओढले जातात. या ओढीला ‘चूषण’ म्हणतात. समुद्रकिनाऱ्यावर ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो याच बळावर. वाळू पूर्ण कोरडी झाली किंवा लाटेने भिजली, की किल्ला ढासळतो. भरड वाळूत चूषण अल्प असते. कण जसजसे बारीक होतात, तसतसे ते वाढते.

मृदा यांत्रिकीचे प्रवर्तक कार्ल टर्झागी यांचा १९२५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ या शास्त्राचा पाया मानला जातो. त्यांचा परिणामी प्रतिबलाचा सिद्धांत प्रामुख्याने संपृक्त मातीसाठी होता. लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे ॲलन बिशप यांनी १९५९ मध्ये त्यात चूषणाचा अंतर्भाव करून तो असंपृक्त मातीला लागू केला. परंतु या सूत्रानुसार भिजलेली माती फुगायला हवी; प्रत्यक्षात सैल भराव भिजल्यावर एकाएकी खाली बसतो. ही विसंगती जेनिंग्ज व बर्लंड यांनी १९६२ मध्ये दाखवून दिली. पुढे १९७७ मध्ये फ्रेडलंड व मॉर्गनस्टर्न यांनी मातीवरील भार आणि चूषण या दोन्हींचा स्वतंत्रपणे विचार करण्याची पद्धत मांडली.

भिजून खचण्याची ही क्रिया समजण्यास सोपी आहे. चूषणाच्या आधारावर कणांची रचना पोकळ राहूनही भार पेलत असते. पाणी शिरताच तो आधार नाहीसा होतो, कण घसरून पोकळ्यांत जातात आणि भराव बसतो. यासाठी वरचा भार वाढण्याचीही गरज नसते.

म्हणूनच दबाईला महत्त्व आहे. अमेरिकन अभियंता राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये दाखविले, की ठरावीक दबाईला मातीची घनता एका विशिष्ट आर्द्रतेलाच सर्वाधिक होते. त्याहून कोरड्या मातीत कण एकमेकांवरून सहज सरकत नाहीत; त्याहून ओल्या मातीत पाणीच पोकळ्या अडवून धरते. कोरडेपणी दाबलेला भराव टणक भासतो, पण तो टणकपणा बव्हंशी चूषणाचा, म्हणजे उसना असतो.

याची जाणीव करून देणारी घटना अमेरिकेतील आयडाहो राज्यात घडली. तेथील टेटन हे मातीचे धरण ५ जून १९७६ रोजी, जलाशय प्रथमच भरला जात असताना फुटले आणि ११ जणांचा बळी गेला. धरणाचा गाभा वाऱ्याने वाहून आणलेल्या, कमी चिकट अशा बारीक गाळमातीचा होता. पायथ्याच्या खडकातील भेगांलगत पाण्याने ही माती आतून पोखरली गेली, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. ही माती इष्टतम आर्द्रतेपेक्षा कोरडी असताना दाबली गेल्याने भिजल्यावर खचली आणि त्यामुळे पाण्याला वाट मिळाली असावी, असे मतही पुढे काही अभियंत्यांनी मांडले.

महाराष्ट्रात उन्हाळ्यात घाईने उरकलेल्या भरावाची खरी परीक्षा पहिल्या मोठ्या पावसात होते. पुलाला जोडणाऱ्या पोचमार्गावर वाहनाला बसणारा धक्का अनेकदा मागचा भराव खचल्याचे लक्षण असतो. त्यावरचे उपाय साधे आहेत : माती पातळ थरांत टाकणे, प्रत्येक थराची आर्द्रता व घनता तपासणे, उतारांना संरक्षण देणे आणि पाण्याच्या निचऱ्याची सोय करणे. संकल्पनाची आकडेमोड करताना भराव भिजलेला आहे असे धरणे अधिक सुरक्षित ठरते. कारण चूषणाचा आधार पाऊस येईपर्यंतचाच असतो, तर घट्ट बसलेल्या कणांमधील घर्षण भिजल्यानंतरही टिकते.