भरदिवसा लावलेला दिवा

‘ऐन दिवाळीत दिवाळे’ हा मथळा दर वर्षी कुठे ना कुठे छापून येतो. लिहिणाऱ्याला ती कोटी वाटते, वाचणाऱ्यालाही. पण जुन्या कोशकारांचे ऐकायचे तर हे दोन शब्द योगायोगाने शेजारी आलेले नाहीत. दोघांच्याही पोटात दिवाच आहे. दिवाळीत त्यांच्या ओळी असतात. दिवाळ्यातला दिवा एकटा, आणि तोही भरदिवसा लावलेला.

ही व्युत्पत्ती सगळ्या भाषापंडितांना मान्य नाही, हे आधीच सांगतो. दिवा लावण्याच्या चालीला मात्र लेखी पुरावा आहे. रॉबर्ट ड्रमंड याचे गुजराती-मराठी व्याकरणावरचे पुस्तक १८०८ साली मुंबईत छापले गेले. त्यात त्याने नोंदवले आहे की व्यापारी बुडाला किंवा बुडत चालला, की तो आपल्या घरात, दुकानात किंवा पेढीवर मोठा दिवा पेटवून ठेवतो आणि काही काळ तिथून निघून जातो. हिशेब उघड होऊन किंवा उरलेल्या मालमत्तेची वाटणी होऊन घेणेकऱ्यांचे समाधान झाले, की मग परत येतो.

ती पेढी डोळ्यांसमोर आणून पाहा. दुपारची वेळ, बाहेर ऊन मी म्हणतेय. आत गादी, तक्क्या, उतरते मेज, लाल बांधणीच्या चोपड्या. गादीवर शेठ नाही, मुनीम नाही. मधोमध समई, तुपात भिजलेल्या वाती पुरत्या पेटलेल्या. उन्हामुळे ज्योत धड दिसतही नाही. हुंडी वटवायला आलेला माणूस उंबऱ्यापाशी थबकतो. कुणाला काही विचारायची गरज उरत नाही. तासाभरात सगळ्या बाजारपेठेला कळलेले असते.

दिवसा दिवा का, याचे उत्तर ड्रमंड देत नाही. मला आपल्या घरांतली एक रीत आठवते. माणूस गेला की जिथे त्याला ठेवले होते त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवतात आणि तो दिवसरात्र तेवत ठेवतात. पेढीवरचा दिवा मला त्याच कुळातला वाटतो. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण व्यापाऱ्याची पत हा त्याचा दुसरा प्राण, आणि प्राण गेल्याची खबर दिव्यानेच द्यायची, हे आपल्या माणसांना सुचणे साहजिक आहे.

मराठीत दिवाळे निघते, दिवाळे काढतात आणि दिवाळे वाजते. निघते ते नशिबाने, काढले जाते ते हिशेबाने, आणि वाजते तेव्हा गावभर होते. बाजारात कुणी कसा बुडाला हे ही तीन क्रियापदे नेमके सांगतात. पुढे मात्र शब्दाला फारसीतला ‘खोर’ चिकटला. खोर म्हणजे खाणारा. लाचखोर, चुगलखोर, हरामखोर यांच्या पंक्तीला दिवाळखोर जाऊन बसला, आणि पीक बुडालेला शेतकरी, जहाज बुडालेला व्यापारी व लोकांचे पैसे घेऊन पळालेला भामटा या तिघांना एकच शिवी पुरू लागली. मला हे मराठीचे मोठे नुकसान वाटते.

कारण भाषेत दुसरा शब्द होता, आजही आहे: नादार. ना-दार, ज्याच्यापाशी नाही तो. यात दोष नाही, फक्त स्थिती आहे. आमच्या लहानपणी शाळेत फी माफ होणाऱ्या मुलांना ‘नादारी’ मिळे. त्या अर्जावर वडिलांचे उत्पन्न लिहायचे आणि सही आणायची. कायद्याच्या मराठीनेही हाच शब्द धरला. निवडणुकीच्या कागदपत्रांत आजही ‘अविमुक्त नादार’ ही अपात्रता असते. न्यायालयाने ज्याला देण्यांतून अजून मोकळे केलेले नाही, त्याला संसदेत वा विधिमंडळात बसता येत नाही.

दिवा लावून निघून जाणे ही पळवाट वाटेल. पण तो लावला नाही तर काय होई, तेही पाहिले पाहिजे. घेणेकरी दारात धरणे धरून बसे. तो उपाशी, म्हणून घरातल्यांनीही जेवायचे नाही. उपाशी मेला तर पाप घरधन्याच्या माथी. ही चाल इतकी रुजलेली होती की १८६०च्या दंडसंहितेत दैवी कोपाची भीती घालण्याच्या गुन्ह्याला, कलम ५०८ला, उदाहरण दिले तेच मुळी धरण्याचे. दिव्याने हा तगादा थांबे. ‘माझ्यापाशी आता नाही, चोपड्या पाहा, असेल ते वाटून घ्या,’ एवढे तो सर्वांना एकदम सांगे. त्यामुळे आधी पोचलेला सगळे घेऊन गेला आणि मागचा कोरडा राहिला, असे व्हायला नको. २०१६च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत कंपनीचे प्रकरण दाखल करून घेतले की वसुलीला स्थगिती मिळते. तडजोडीला १८० दिवस, फार तर आणखी ९०. पेढीवरच्या दिव्याचेच हे काम, आता कलमांच्या भाषेत.

मुंबईने एकदा सगळ्याच पेढ्यांचे दिवाळे पाहिले. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस थांबला आणि १८६१ ते १८६५ या काळात इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून बँका आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या उगवल्या. त्यांतल्या बॅकबे कंपनीच्या एका शेअरवर पाच हजार भरलेले, तर तो पन्नास हजारांच्या वर गेला. १८६५च्या वसंतात युद्ध थांबले, भाव कोसळले, आणि १ जुलैला वायद्यांची फेड करायची वेळ आली तेव्हा देणारा कुणीच उरला नव्हता. दिवाळ्यांची रांग एवढी लागली की सरकारला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. बँक ऑफ बॉम्बेही पुढे गुंडाळली गेली. या तेजीचा राजा प्रेमचंद रायचंद. त्याने भरभराटीच्या दिवसांत विद्यापीठाला देणगी दिली होती, आणि तो स्वतः बुडाल्यावर, १८७८ साली, त्याच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर पुरा झाला.

बापाचे दिवाळे मुलावर येई, हा या कथेतला सर्वांत जड भाग. धर्मशास्त्राने मुलाला बापाचे कर्ज व्याजासह फेडायला लावले होते, नातवाला निदान मुद्दल. व्याज मुदलाहून जास्त होऊ नये हा दामदुपटीचा नियम एवढाच काय तो दिलासा. मुंबई इलाख्यात १८६६च्या कायद्याने मुलाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती केली. तरी बापाचे ऋण फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य, ही कल्पना कायद्यातून निघायला २००५ साल उजाडावे लागले. लोकांच्या मनातून ती अजून गेलेली नाही.

आज मोठ्या कंपनीला तो दिवा नव्या संहितेने दिला. एकट्या माणसाला दिलेला नाही. संहितेतला व्यक्तींचा भाग २०१९ मध्ये लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्यांपुरताच. तालुक्याच्या गावातला कापड दुकानदार अजून १९२०च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली येतो. देणी पाचशे रुपये झाली की नादारीचा अर्ज करता येतो, असे तो कायदा सांगतो. अर्ज करायचा असतो हेच त्याला कुणी सांगितलेले नसते. तो शटर अर्धे ओढतो, फोन बंद ठेवतो, घरून ‘बाहेर गेलेत’ असे सांगायला लावतो, आणि एक देणे फेडायला दुसरे, अधिक व्याजाचे काढतो. चारचौघांत दिवा लावायची सोय त्याला राहिलेली नाही. माणसे जीव देतात ती बहुधा याच काळोखात.

जप्ती आली तरी कायदा काय काय नेऊ देत नाही, याची यादी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. घरातल्यांचे अंगावरचे कपडे. स्वयंपाकाची भांडी. अंथरूण-पांघरूण. रीतीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवायचे नसतात ते दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. कारागिराची हत्यारे. शेतकऱ्याची अवजारे, त्याचे बैल आणि पुढच्या पेरणीचे बियाणे. ही यादी तलाठ्याच्या चावडीवर, बँकेच्या दारावर, बाजार समितीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेली मला पाहायची आहे.