जाळे, बंदूक आणि पायवाट

गवतात दडलेल्या पक्ष्याचा वास येताच धावता श्वान एकाएकी थबकतो. मान ताणलेली, शेपटी ताठ, पुढचा एक पाय अनेकदा अर्ध्यावरच उचललेला. धनी येऊन पोहोचेपर्यंत तो तसाच निश्चल उभा असतो. सावजावर झेप घेण्यापूर्वी हिंस्र प्राणी क्षणभर थांबतो. तोच क्षण माणसाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने लांबवला आणि श्वानाच्या वंशात मुरवला. मराठीत ह्या क्रियेला रूढ शब्द नाही, म्हणून येथे ‘ठाण’ हा शब्द योजला आहे. तित्तिर, लावा, पाणलावा, ग्राउज ह्या पक्ष्यांच्या युरोपातील शिकारीचा इतिहास बऱ्याच अंशी ह्या ठाणाचा इतिहास आहे. मात्र एकाच जातीच्या श्वानामागून चालणारी माणसे वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या ठिकाणी पोहोचली.

ठाणाचा प्रथम उपयोग झाला तो बंदुकीसाठी नव्हे, जाळ्यासाठी. फ्वाचा उमराव गास्तों फेब्यूस ह्याने १३८७ ते १३८९ ह्या काळात लिहिलेल्या मृगयेवरील ग्रंथात पक्षी हुडकणाऱ्या श्वानांचे वर्णन आहे. ते मूळचे स्पेनचे असे तो सांगतो, आणि त्यांना दबून बसायला शिकवले तर तित्तिर व लावे जाळ्यात धरण्यास ते फार उपयोगी पडतात अशी त्याची नोंद आहे. इंग्लंडमधील वैद्य जॉन कायस ह्याच्या १५७० च्या लॅटिन पुस्तकातही असाच श्वान आढळतो: तो भुंकत नाही, पोट जमिनीला टेकवून सरकतो आणि पक्ष्याचे ठिकाण दाखवून पडून राहतो. मग जाळे पसरले जाई. श्वान जितका जमिनीशी सपाट, तितके जाळे त्याच्यावरून सहज ओढता येई. ही जुनी गरज अनेक भाषांच्या शब्दांत टिकून आहे. इंग्रजीतील ‘सेटर’ हा बसणारा, फ्रेंचमधील ‘कूशां’ हा पडून राहणारा. रशियनमधील ‘लेगावाया’ ह्या नावाचा संबंधही आडवे होण्याशीच आहे. जाळी गेली, बंदुका आल्या, तरी श्वानाच्या नावातून जाळे सुटले नाही.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चकमकीच्या बंदुकीने उडता पक्षी टिपण्याची कला फ्रान्समधून इंग्लंडात पसरली. आता श्वान दबून बसण्याचे कारण उरले नाही. उंच गवतातही दिसेल असा, उभा ठाण मांडणारा पॉइंटर अधिक सोयीचा ठरला. तो अठराव्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील युद्धावरून परतणाऱ्या अधिकाऱ्यांबरोबर आला असे परंपरेने सांगितले जाते.

पण इंग्लंडात हा श्वान कोणी पाळावा हे कायद्याने ठरवले होते. १६७१ च्या कायद्यानुसार सामान्यतः वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची जमीन असणाऱ्यालाच शिकारीचा हक्क होता. जहागीरदाराने नेमलेल्या रखवालदाराला इतरांच्या घरांची झडती घेऊन बंदुका, जाळी आणि ठाण मांडणारे श्वान जप्त करता येत. पार्लमेंटच्या मतदानासाठी मात्र चाळीस शिलिंगांच्या उत्पन्नाची जमीन पुरे होती. न्यायशास्त्रज्ञ ब्लॅकस्टोनने हिशेब मांडून दाखवला की, प्रतिनिधी निवडण्यासाठी जेवढी मालमत्ता लागते तिच्या पन्नासपट मालमत्ता एक तित्तिर मारण्यासाठी लागते. कुळाने पेरलेल्या शेतात पक्षी दाणे टिपत, आणि त्या पक्ष्यावर हात टाकला की कूळ गुन्हेगार ठरे.

मालमत्तेची ही अट १८३१ मध्ये गेली. त्यानंतर परवान्याचे पैसे भरणाऱ्याला शिकार करता येऊ लागली. परंतु जमीन होती त्यांच्याच हाती राहिली, आणि थोड्याच काळात शिकारीची रीतही बदलली. मागून काडतूस भरण्याच्या बंदुका एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्रचारात आल्या आणि भराभर बार काढणे शक्य झाले. तेव्हा श्वानामागून चालणे वेळखाऊ वाटू लागले. पक्षी हाकाऱ्यांकरवी उठवायचे, आणि ठरावीक जागी उभ्या असलेल्या पाहुण्यांनी ते डोक्यावरून जाताना पाडायचे, असा हाका रूढ झाला. निव्वळ पॉइंटर व सेटर ह्यांच्यासाठी भरलेले श्वानप्रदर्शन न्यूकॅसल येथे १८५९ मध्ये झाले आणि श्वानांची मैदानी परीक्षा साउथहिल येथे १८६५ मध्ये. म्हणजे मोठ्या जहागिरींवर श्वानाचे काम उणावत असतानाच त्याचे कौतुक वाढत होते. स्कॉटलंडच्या माळांवर ठाणाची शिकार पुढेही चालू राहिली, पण प्रतिष्ठा हाक्याला मिळाली. दुसरा मार्क्विस ऑफ रिपन ह्याने आयुष्यभरात पाच लाखांहून अधिक पशुपक्षी मारल्याची नोंद आहे. १९२३ मध्ये ग्राउजच्या माळावर शिकार करतानाच त्याचा अंत झाला. महाराजा दलीपसिंग ह्यांनी १८६३ मध्ये घेतलेली एल्व्हेडनची जहागीर अशाच शिकारीसाठी नावाजली गेली. ज्याचे पंजाबचे राज्य १८४९ मध्ये खालसा झाले, तो रणजितसिंगाचा पुत्र इंग्लंडातील अव्वल नेमबाजांत गणला जावा, हा त्या काळाचा एक विषण्ण करणारा तपशील आहे. हाक्यात उभ्या असलेल्या माणसाला कोठे जावे लागत नाही. त्याला पक्षी दिसतो तो आकाशात, आणि हाकारा दिसतो तो दूर, एका रांगेत.

रशियात ह्याच श्वानाची कथा निराळी झाली. तेथील बड्या जमीनदारांचा अभिमानाचा खेळ म्हणजे घोड्यावरून बोरझोई श्वानांच्या टोळ्यांनिशी केलेली लांडग्या-सशांची शिकार. तिला डझनांनी नोकर लागत, आणि हे नोकर म्हणजे भूदासच. त्या मानाने बंदुकीची शिकार साधी: एक माणूस, एक श्वान, फार तर वाट दाखवणारा एखादा गावकरी. शिकारीविषयीचा सर्वंकष कायदा रशियात १८९२ मध्ये आला. तोवर शिकारी इंग्लंडच्या मानाने पुष्कळच मोकळेपणी भटकत असे. श्वान वासाच्या दिशेने जाई, शिकारी श्वानाच्या मागे जाई, आणि संध्याकाळ झाली की जी झोपडी जवळ असेल तिचे दार ठोठावावे लागे. जमीनदार आणि भूदास एका छपराखाली रात्र काढू शकतील असे प्रसंग त्या समाजात मोजकेच होते.

ओर्योल प्रांतात १८१८ मध्ये जन्मलेला इव्हान तुर्गेन्येव हा अशा भटकंतीत वाढला. त्याच्या आईच्या मालकीचे हजारो भूदास होते. १८४७ पासून ‘सव्रेमेन्निक’ मासिकात त्याची शिकाऱ्याची टिपणे प्रसिद्ध होऊ लागली आणि १८५२ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्यांतील येर्मोलाय हे पात्र अफनासी अलिफानोव ह्या भूदास शिकाऱ्यावरून घेतलेले आहे. येर्मोलायने धन्याच्या मुदपाकखान्यात दर महिन्याला ठरावीक ग्राउज व तित्तिर पोचवायचे. बाकी तो कोठे राहतो, काय खातो, ह्याची धन्याला पर्वा नाही. येर्मोलायही आपल्या वालेत्का ह्या श्वानाला कधी खाऊ घालत नाही. शहाणा प्राणी आपले पोट आपण भरतो, हे त्याचे मत. धनी जसा त्याच्याशी, तसाच तो श्वानाशी. तुर्गेन्येव हे नुसते नोंदवतो, त्यावर बोट ठेवत नाही.

ह्याच कथेत शिकाऱ्यांना एका गिरणीवर मुक्काम मागावा लागतो. त्यांच्याजवळ बंदुकीची दारू आहे, गिरणी पेटेल, ह्या भीतीने त्यांना आत घेतले जात नाही. थोड्या अंतरावरच्या उघड्या छपराखाली पेंढ्यावर जागा मिळते. तेथे गिरणीवाल्याची बायको अरीना खायचे घेऊन येते. ती पूर्वी एका बड्या घरची दासी होती. तिने लग्नाची परवानगी मागितली म्हणून तिचे केस कापून तिला खेड्यात धाडण्यात आले होते. ही हकीकत निवेदकाने पूर्वी तिच्या मालकाच्याच तोंडून ऐकलेली असते, कृतघ्न दासीची तक्रार म्हणून. आता शेकोटीच्या उजेडात ती दासीच समोर बसलेली आहे. दिवाणखान्यातील निवेदक आणि पेंढ्यावरचा निवेदक एकच. त्या दोहोंमधले अंतर शिकारीने तोडले.

सत्तेला ह्या टिपणांतील दारूचा वास उशिरा आला. पुस्तकाला परवानगी देणाऱ्या सेन्सॉर अधिकाऱ्याला निकोलस पहिल्याने बडतर्फ केले. गोगोलवरील मृत्युलेखाचे निमित्त होऊन तुर्गेन्येव १८५२ मध्ये महिनाभर अटकेत राहिला, आणि नंतर त्याला आपल्या स्पास्कोये गावी स्थानबद्ध करण्यात आले. भूदासमुक्तीचे फर्मान १८६१ मध्ये निघाले. एका पुस्तकाने ते घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. भूदासाला चेहरा आणि आवाज असतो, एवढे मात्र वाचणाऱ्या वर्गाला ह्या पुस्तकाने दाखवले. त्याच १८५२ साली सेर्गेय अक्साकोव्हचे ओरेनबुर्ग प्रांतातील बंदुकीच्या शिकारीवरचे पुस्तकही निघाले; पक्ष्यांची त्यातली वर्णने तुर्गेन्येवने आपल्या परीक्षणात मनापासून वाखाणली. कवी नेक्रासोव्हने १८६१ ची ‘कोरोबेयनिकी’ ही दीर्घ कविता गाव्रीला झाखारोव ह्या शेतकरी शिकारमित्राला अर्पण केली. स्वतः तुर्गेन्येवने पुढे १८७६ मध्ये बंदुकीने शिकार करणाऱ्याचे पन्नास आणि त्याच्या श्वानाचे पन्नास दोष सांगणारी एक मिस्किल यादी लिहिली. दोषांची संख्या दोघांना सारखीच वाटून दिली आहे हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

टॉलस्टॉयच्या ‘आना कारेनिना’त, म्हणजे भूदासमुक्तीनंतरच्या काळात, हे सारे धागे पुन्हा हाती येतात. लेव्हिन आणि त्याचे पाहुणे पाणलाव्यांच्या शिकारीला जातात आणि रात्री शेतकऱ्याच्या कोठारात गवतावर पडतात. तेथे मालथुस ह्या रेल्वे-धनाढ्याने राखलेल्या दलदलींच्या आणि तंबूतल्या मेजवान्यांच्या गोष्टी निघतात. इंग्लिश थाट आता रशियात आलेला आहे. त्यावरून वाद पेटतो: शेतकऱ्याहून आपल्याला इतके अधिक मिळते ते कोणत्या न्यायाने? स्तीवाचे म्हणणे असे, की व्यवस्था न्याय्य मानावी, नाही तर अन्याय्य सुख आहे हे कबूल करून ते खुशाल भोगावे. लेव्हिनला दोन्ही पटत नाही आणि तिसरे काही सुचत नाही.

पहाटे तो लास्का ह्या आपल्या कुत्रीला घेऊन एकटाच बाहेर पडतो. पुढचे काही परिच्छेद टॉलस्टॉयने लास्काच्या मनातून लिहिले आहेत. पक्षी कोठे आहे हे तिला कळलेले असते. लेव्हिन भलत्याच दिशेला, पाण्याने भरलेल्या जागेकडे, हात करून तिला दटावतो. तेथे काही नाही हे ठाऊक असूनही, त्याला बरे वाटावे म्हणून ती तिकडे शोधल्यासारखे करते, आणि मग वळून आपल्या जागी येऊन ठाण मांडते. जमीन कसणाऱ्यांना शेती शिकवू पाहणाऱ्या ह्या जमीनदाराला लास्काचे वर्तन परिचयाचे वाटायला हवे होते. पण पक्षी उठतो, बार निघतो, आणि तो तिच्यावर खूश होतो. १८९० मध्ये चेर्तकोव्हने शिकारीविरुद्ध लिहिलेल्या लेखाला प्रस्तावना लिहिली ती टॉलस्टॉयने. तोवर त्याने स्वतःची बंदूक खाली ठेवली होती.