पालखीच्या वाटेवरील मजला

एका दिवसात किती चालावे, चढ कोठे घ्यावा आणि रात्र कोणत्या गावी काढावी, हा पदयात्रिकाचा सनातन प्रश्न बारामती-इंदापूरच्या मुलुखात ज्या परंपरेने पिढ्यान्‌पिढ्या सोडविला, ती तुकाराममहाराजांची पालखी होय. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला. आषाढी एकादशीस पंढरपूर गाठावयाचे असल्याने मुक्कामांचा हिशेब शेवटाकडून मागे करावा लागतो, आणि तिथीची वृद्धी झाल्यास एखादा मुक्काम वाढतो.

पाटस सोडल्यावर रोटीचा घाट लागतो. सह्याद्रीतील घाटांपुढे तो लहान खरा. पण रथाला तेथे जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. घाट चढला की उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम. मला यांत बारामती-सणसर ही मजल सर्वांत संपन्न वाटते: काटेवाडीस परीट बांधव पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढपाळांची मेंढरे पालखीभोवती धावत रिंगण घालतात, ज्यांचा जो व्यवसाय, तीच त्यांची पूजा. पुढे बेलवाडीस अश्वांचे गोल रिंगण होते. सराटीस नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान घडते व नदीपलीकडे अकलूज, सोलापूर जिल्हा.

ज्यांना सबंध वारी साधत नाही, त्यांनी बारामती ते सणसर ही एक मजल तरी अवश्य पायी करावी.