कवठाचे आसव आणि कौटिल्याचा सुराध्यक्ष

मधाच्या मद्यात फळांचा स्वाद मुरवणे ही आज परदेशी हौस वाटते. परंतु कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, सुराध्यक्षाच्या प्रकरणात, आसवाची कृती दिली आहे: कवठ एक तुळा, म्हणजे १०० पले, फाणित, म्हणजे काकवीसारखा उसाचा पाक, त्याच्या पाचपट, आणि मध एक प्रस्थ. प्रमाण पावपट वाढवले की आसव उत्तम, तेवढेच घटवले की कनिष्ठ.

येथे मध थोडाच आहे. आंबण्याचा मुख्य भार उसाच्या साखरेवर. गंमत म्हणजे त्याच प्रकरणातले ‘मधु’ हे मद्य द्राक्षरसाचे आहे! नावावरून अर्थ काढणारे येथे हमखास फसतात. आंब्याची सहकारसुराही तेथे भेटते.

मला मात्र पाककृतीहून परवानगीचा भाग मोलाचा वाटतो. मद्यावर राज्याची करडी नजर असतानाही कुटुंबांना घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा होती. उत्सव व यात्रांना चार दिवसांची सवलत मिळे.

पुढे ही मुभा आक्रसत गेली. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याखाली माडीसाठी झाड छेदायलाही परवाना लागे. आज काशीदच्या एखाद्या घरात कवठ आणि मध आंबवून मद्य केले, तर १९४९चा दारूबंदी कायदा आडवा येतो. औषधी आसवांची वाट निराळी. १९५१मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधांवरील या कायद्याची बंधने अवैध ठरवली. द्राक्षासव आजही औषधांच्या दुकानात मिळते.